मशीनच्या मधला खांब आणि फ्रेडरिक मेटॅग

आमच्या घरातलं टॉप-लोड ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन खूप जुनं आहे. उघडल्यावर मधोमध उंच खांब दिसतो ना, त्या पिढीतलं. गेल्या पावसाळ्यात ते विचित्र वागायला लागलं. पाणी भरायचं, मोटर चालायची, खांबाचा खालचा पंखांचा भाग डावीकडे-उजवीकडे हलायचा, पण वरचा आट्यांचा भाग जागचा हलायचा नाही. त्यामुळे वर टाकलेले कपडे शेवटपर्यंत वरच राहायचे. आईचा निकाल लगेच लागला होता: भंगारवाल्याला द्या.

मी म्हटलं, आधी उघडून तर बघू. वरचं टोपण काढलं, आतला बोल्ट सोडवला, खांबाचा वरचा भाग बाहेर आला. आत बोटाच्या पेराएवढे चार प्लॅस्टिकचे दात होते. हे दात वरच्या भागाला एका दिशेनं ढकलतात आणि उलट दिशेनं घसरू देतात, सायकलच्या फ्रीव्हीलसारखं. ते झिजून गुळगुळीत झाले होते. किरकोळ किमतीचे नवे दात बसवले आणि मशीन पहिल्यासारखं चालू झालं.

पण झाकण उघडं ठेवून ते हलताना बघत बसले आणि एक प्रश्न डोक्यात राहिला. हा खांब एकाच दिशेनं गोल का फिरत नाही? सारखा उलटा-सुलटा का डोलतो? या साध्या हालचालीमागे कोण आहे? उत्तर शोधताना ज्या माणसाशी गाठ पडली, त्याचं नाव फ्रेडरिक लुईस मेटॅग. अमेरिकेत तीन-चार पिढ्यांनी हे नाव रोज मशीनवर वाचलं. आधी मला वाटलं, हेच संशोधक असणार. तसं नव्हतं. आणि खरी गोष्ट मला त्याहून जास्त आवडली.

मळणीच्या यंत्रापासून सुरुवात

मेटॅग यांचा जन्म १४ जुलै १८५७ रोजी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, एल्जिन गावाजवळ झाला. आई-वडील जर्मनीहून आलेले. दहा भावंडांत हे सगळ्यांत थोरले. ते लहान असतानाच कुटुंब शेजारच्या आयोवा राज्यात शेती करायला गेलं. थोरल्या मुलाच्या वाट्याला जे येतं तेच आलं: शाळा थोडी आणि शेतातलं काम भरपूर. कारखानदार होण्याआधी मळणीचा हंगाम म्हणजे काय असतो, हे त्यांनी अंगानं अनुभवलं होतं.

१८८० च्या सुमारास ते न्यूटन नावाच्या छोट्या गावात आले आणि शेतीची अवजारं विकू लागले. पुढे लाकडाच्या वखारीचाही धंदा केला. म्हणजे पेशा विक्रेत्याचा. इंजिनिअरिंगचं शिक्षण नाही, हातात कुठलंही पेटंट नाही.

१८९३ मध्ये चौघांनी मिळून एक कंपनी काढली. मेटॅग, त्यांचे दोन मेहुणे आणि जॉर्ज पार्सन्स. प्रत्येकानं ६०० डॉलर घातले. पार्सन्स यांच्या डोक्यात मळणीयंत्राला जोडायचं एक उपकरण होतं. त्या काळी गव्हाच्या पेंढ्यांचे बंध माणूस सुरीनं कापायचा आणि हातानं पेंढ्या यंत्राच्या तोंडात सरकवायचा. जरा चूक झाली की हात गेला. पार्सन्स यांचं उपकरण बंध स्वतः कापायचं आणि पीक आत ढकलायचं.

कल्पना उत्तम होती, पण सुरुवातीची यंत्रं कच्ची निघाली. ऐन मळणीत शेतात बंद पडायची आणि ती दुरुस्त करायला मेटॅग यांना शेतांवर धावावं लागायचं. विकलेला माल बिघडला की शिव्या कोणाला बसतात, हे त्यांनी तिथे अनुभवलं. पुढे टिकाऊपणा ही या कंपनीची ओळख बनली, तिचं मूळ मला या शेतांत दिसतं. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना हे लगेच कळेल. रात्री दोन वाजता प्रॉडक्शनमधला बग सोडवायला ज्याला उठावं लागतं, तो दुसऱ्या दिवशी जास्त जपून कोड लिहितो.

हंगाम संपल्यावर काय विकायचं?

शेतीच्या यंत्रांची मागणी हंगामी. सुगीच्या आधी कारखान्यात झोपायला वेळ नाही आणि नंतर हातावर हात. वर्षभर चालेल असा माल हवा होता. न्यूटनमध्ये त्या वेळी कपडे धुण्याची यंत्रं करणारे इतर कारखाने होतेच. १९०७ मध्ये मेटॅग यांच्या कारखान्यातूनही एक यंत्र बाहेर पडलं. नाव होतं पासटाइम, म्हणजे विरंगुळा. कपडे धुणाऱ्या बाईला हे नाव वाचून हसू आलं असेल की राग, कोण जाणे.

हे यंत्र म्हणजे लाकडी पिंप. आतल्या भिंतींवर उभ्या खाचा. झाकणाच्या खालच्या बाजूला एक लाकडी तबकडी आणि तिला खाली लोंबणारे खुंटे, तिपाईच्या पायांसारखे. बाहेरचा दांडा हातानं फिरवला की तबकडी डावी-उजवी फिरायची, खुंटे कपड्यांना पकडून ओढायचे आणि कपडे भिंतीवरच्या खाचांवर घासले जायचे.

इथे जरा थांबू, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीची किल्ली या रचनेत आहे. हे यंत्र माणसाच्या हाताची नक्कल करत होतं. हात फळीवर कपडा घासतो, म्हणून यंत्रही कपडा घासणार. आपल्याकडे दगडावर कपडा आपटतात, तिकडे खाचांच्या फळीवर रगडतात, पण विचार एकच: मळ काढायचा तर कपड्याला कशावर तरी घासायला हवं. या पद्धतीत बटणं तुटायची, शिवणी उसवायच्या आणि कपड्यांची गुंतवळ व्हायची. कष्ट कमी झाले, पण दांडा फिरवायला माणूस लागतच होता.

१९०९ मध्ये कंपनीचं नाव मेटॅग कंपनी झालं. त्यानंतरची काही वर्षं सगळी शक्तीच्या शोधात गेली. दांडा फिरवायचा कोणी? आधी बाहेरच्या इंजिनाचा पट्टा जोडता येईल अशी पुली आली, १९११ मध्ये विजेच्या मोटरवरचं यंत्र आलं. पण आयोवातल्या शेतघरांमध्ये वीज कुठे होती? म्हणून १९१४-१५ च्या सुमारास यंत्राखाली बसवायचं छोटं पेट्रोल इंजिन आलं. मोटरसायकलसारखी पायानं किक मारायची आणि कपडे धुवायचे. धूर बाहेर सोडायला एक लांब नळी. हे इंजिन इतकं मजबूत होतं की आजही अमेरिकेतले हौशी लोक ते गोळा करतात आणि चालवून दाखवतात.

या प्रवासात एक नाव पुन्हा पुन्हा येतं: हॉवर्ड स्नायडर. हे कारखान्यातले मेकॅनिक. पुली, इंजिन आणि पुढचं बरंच काही त्यांच्या हातून झालं. त्यांचं नाव लक्षात ठेवा.

मेटॅग यांचे सगळेच डाव काही बरोबर पडले नाहीत. १९१० मध्ये त्यांनी मोटारगाड्यांच्या कंपनीत पैसे घातले. तिथे ड्यूझनबर्ग बंधू गाड्यांची रचना करत होते. हे बंधू पुढे शर्यतीच्या गाड्यांसाठी जगभर गाजले. पण मेटॅग यांचा मोटारधंदा दोनेक वर्षांत आटोपला. दरम्यान १९०२ ते १९१२ ते राज्याच्या सिनेटमध्येही होते. थोडक्यात, धोतराच्या दोन्ही सोग्यांना गाठ मारून सगळीकडे धावणारा माणूस.

मळ निघतो म्हणजे काय होतं?

पुढे जाण्याआधी थोडं विज्ञान. कपडा स्वच्छ व्हायला चार गोष्टी लागतात: साबणाची रासायनिक क्रिया, पाण्याची उष्णता, वेळ आणि हालचाल. एक कमी केली की दुसरी वाढवावी लागते. पाणी थंड असेल तर जास्त वेळ भिजवा, साबण कमी असेल तर जास्त हलवा. हेर्बर्ट झिनर नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञानं १९५९ मध्ये हे वर्तुळाच्या चार भागांत मांडलं. त्यांच्या नावानं ते वर्तुळ आजही धुलाईच्या व्यवसायात शिकवतात.

साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याला चिकटतं आणि दुसरं तेलाला. तेलकट मळाभोवती हे रेणू जमा होतात, त्याचे बारीक थेंब करतात आणि पाण्यात तरंगत ठेवतात. पण अडचण पुढे आहे. धाग्याला लागून पाण्याचा एक पातळ थर असतो, तो जवळजवळ स्थिर राहतो. धाग्यांच्या पिळात अडकलेलं मळकट पाणीही सहजी बाहेर येत नाही. नुसतं भिजत ठेवलं तर मळ सुटतो, पण तिथल्या तिथेच घोटाळतो.

मग हालचालीचं काम काय? कपडा वाकला, दबला, पुन्हा सैल झाला की स्पंजासारखं होतं. आतलं घाण पाणी बाहेर पिळलं जातं आणि ताजं साबणाचं पाणी आत शोषलं जातं. म्हणजे कपडा कशावर तरी घासायलाच हवा असं नाही. कापडातून पाणी पुन्हा पुन्हा आरपार गेलं पाहिजे. घासणं हा त्याचा एक मार्ग झाला, आणि कापडाला सगळ्यांत जास्त इजा करणाराही तोच.

अ‍ॅल्युमिनियमची टाकी आणि तळातली तबकडी

पहिल्या महायुद्धानंतर मेटॅग कंपनी अडचणीत आली. शेतीमालाचे भाव कोसळले, शेतकऱ्यांकडे पैसे उरले नाहीत, आणि बाजारात धुण्याच्या यंत्रांचे कारखाने भरमसाठ. कोणी अख्खा पिंप झोके घेणारा करत होतं, कोणी आडवं फिरणारं पिंजऱ्यासारखं पात्र, तर कोणी वर-खाली दाबणारे पेले. मेटॅग यांचं यंत्र त्या गर्दीतलंच एक होतं.

१९१९ मध्ये स्नायडर आणि मंडळींनी लाकडाऐवजी ओतीव अ‍ॅल्युमिनियमची टाकी करायचं ठरवलं. लाकूड गळतं, कुजतं, वास धरतं. अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही आणि पाणी जास्त वेळ गरम ठेवेल असा दोन भिंतींचा साचाही करता येतो. पण एवढी मोठी वस्तू एकसंध ओतणं त्या वेळी सोपं नव्हतं. मेटॅग यांनी त्यासाठी कंपनीची स्वतःची ओतशाळा उभी केली. तंगीच्या दिवसांत हा मोठाच खर्च होता.

आणि मग १९२२ मध्ये स्नायडर यांनी तो बदल केला ज्यासाठी मी हा लेख लिहितेय. झाकणाला लोंबणारी तबकडी त्यांनी काढून टाकली आणि टाकीच्या तळाशी पंख असलेला, मधे शंकूसारखा उंचावलेला एक भाग बसवला. तो डावीकडे-उजवीकडे डोलायचा. बस्स. या यंत्राचं नाव ठेवलं जायरोफोम.

बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, वरचं खाली नेलं, त्यात काय मोठंसं? पण त्यानं कामाची पद्धतच बदलली. वरची तबकडी कपड्यांना धरून ओढत होती. खालचे पंख पाण्याला ढकलत होते, आणि पाणी कपड्यांमधून वाट काढत होतं. हाताची नक्कल तिथे संपली.

टाकीत नेमकं काय होतं ते बघा. पंख फिरले की तळाचं पाणी बाहेरच्या भिंतीकडे फेकलं जातं. भिंतीला आपटून ते वर चढतं, वर आल्यावर मध्याकडे वळतं आणि खांबाच्या कडेनं पुन्हा खाली येतं. कपडे या प्रवाहात सापडतात आणि हळूहळू उलटे-पालटे होत राहतात: बाहेरून वर, मधून खाली. वाटेत प्रत्येक कपडा वाकतो, दबतो, सैल होतो. मघाशी सांगितलेला स्पंज आठवा.

आता माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर. पंख एकाच दिशेनं का फिरवत नाहीत? चहाच्या कपात चमचा सतत एका दिशेनं फिरवा. थोड्या वेळात सगळा चहा चमच्याच्या वेगानं गोल फिरायला लागतो आणि चहाची पावडर शांतपणे त्याच्याबरोबर फिरते. कपड्यांचंही तेच होईल. पाणी आणि कपडे एकाच वेगानं फिरले तर कापडातून पाणी जाणारच नाही. पण पाणी वेग पकडायच्या आत दिशा उलटली की पाणी एकीकडे आणि कपडा दुसरीकडे, असा झगडा पुन्हा सुरू होतो. स्वच्छता त्या झगड्यात होते. शिवाय मेटॅगची टाकी गोल नसून गोलसर कोपऱ्यांची चौकोनी होती. त्या कोपऱ्यांमुळे पाण्याला एकसारखं गरगरता येत नाही, प्रवाह मोडतो.

मोटर तर एकाच दिशेनं फिरते, मग डोलणारी हालचाल कुठून येते? शिवणयंत्राचा पायटा आठवा. तिथे पायाच्या वर-खाली हालचालीतून चाक गोल फिरतं. इथे बरोबर उलटं. मोटरनं फिरवलेल्या चाकाच्या कडेला एक दांडी जोडलेली असते. चाक गोल फिरलं की दांडी पुढे-मागे जाते. तिच्या टोकाला दातेरी पट्टी किंवा चाकाचा दातेरी तुकडा, आणि त्यात अडकलेलं छोटं दातेरी चाक. पट्टी पुढे गेली की छोटं चाक एका बाजूला, मागे आली की दुसऱ्या बाजूला. त्या चाकाच्या दांड्यावर पंख. अशा यंत्रांत पंख साधारण अर्ध्या फेऱ्याइतके फिरतात आणि मिनिटाला साठेक वेळा डोलतात. यात इलेक्ट्रॉनिक्सचा एकही भाग नाही.

पासष्टीतला विक्रेता

आता मेटॅग यांचं काम सुरू होतं. त्या वेळी त्यांचं वय ६५. रोजचा कारभार मुलांच्या हाती जात होता. नवं यंत्र समोर आलं तेव्हा ते म्हातारपणी आराम करू शकले असते. तसं न करता ते नव्या यंत्राचे नमुने बरोबर घेऊन स्वतः पश्चिमेकडच्या राज्यांत विक्रीच्या दौऱ्यावर गेले. पुन्हा एकदा दुकानोदुकानी जाणारा विक्रेता.

लोकांची प्रतिक्रिया बघून त्यांनी जो निर्णय घेतला, तो मला त्यांच्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा वाटतो. बाकीची यंत्रं मागे सारून कंपनीची सगळी ताकद जायरोफोमवर लावायची. यंत्र विकायची रीतही साधी होती. दुकानदारानं ते ग्राहकाच्या घरी न्यायचं आणि त्या घरातले मळके कपडे त्यातच धुऊन दाखवायचे. यंत्र स्वतःच स्वतःला विकेल, नाही पटलं तर परत न्यायचं. आजच्या फ्री ट्रायलचीच ही जुनी आवृत्ती.

पाच वर्षांत, १९२७ मध्ये, दहा लाखावं जायरोफोम तयार झालं. अख्ख्या मालगाड्या फक्त धुण्याच्या यंत्रांनी भरून न्यूटनमधून निघू लागल्या. छोटंसं न्यूटन धुण्याच्या यंत्रांची राजधानी म्हणून ओळखलं जाऊ लागलं. मेटॅग गावाचे महापौर झाले, राज्याचे अंदाजपत्रक संचालक झाले, गावाला बाग दिली. २६ मार्च १९३७ रोजी ते गेले.

त्याच वर्षी शरद ऋतूत बेंडिक्स कंपनीनं घरगुती वापराचं पहिलं ऑटोमॅटिक मशीन लोकांसमोर आणलं. मेटॅग यांच्या यंत्रात धुणं आपोआप व्हायचं, पण पाणी भरायचं, सोडायचं आणि ओले कपडे दोन रबरी लाटांमधून पिळून काढायचं काम बाईनंच करायचं. त्या लाटांमध्ये बोटं सापडायची, कधी अख्खा हात. बेंडिक्सनं धुणं, खळबळणं आणि पिळणं हे सगळं एकाच पेटीत आणलं. गंमत म्हणजे त्यात खांब नव्हता. ते पुढून उघडणारं, आडवं फिरणारं यंत्र होतं. पिळताना ते इतकं थरथरायचं की जमिनीला बोल्टनं ठोकून ठेवावं लागे.

ऑटोमॅटिकच्या पोटात तोच खांब

दुसऱ्या महायुद्धात घरगुती यंत्रांचं उत्पादन थांबलं होतं. युद्धानंतर अमेरिकेत वरून उघडणाऱ्या ऑटोमॅटिक मशीनची लाट आली. बहुतेकांच्या मधोमध डोलणारा अ‍ॅजिटेटर होता. त्यालाही पर्याय होते. फ्रिजिडेअरनं तर वर-खाली उड्या मारणारा खांब केला. पण डाव्या-उजव्या डोलण्यानं बाजार जिंकला. मेटॅग कंपनीचं स्वतःचं ऑटोमॅटिक १९४९ मध्ये आलं.

या जुन्या ऑटोमॅटिक यंत्रांचा मेंदू बघून मी थक्क झाले. टायमर म्हणजे एक छोटी घड्याळाची मोटर आणि तिनं हळूहळू फिरवलेल्या खाचांच्या चकत्या. प्रत्येक खाच एक स्विच चालू किंवा बंद करते: पाणी भर, थांब, डोल, पाणी काढ, पीळ. चकतीवरच्या खाचा म्हणजे प्रोग्रॅम, आणि चकतीचं फिरणं म्हणजे एकामागून एक ओळ चालवणं. टाकी भरली हे कसं कळायचं? टाकीच्या तळाला जोडलेली एक बारीक नळी. पाणी चढलं की नळीतली हवा दबते, ती हवा एक पडदा ढकलते आणि स्विच पडतो. सेन्सर म्हणून हवा!

धुताना फक्त खांब डोलला पाहिजे, पिळताना अख्खी टाकी फिरली पाहिजे. एका मोटरनं दोन्ही कसं करायचं? पन्नासच्या दशकात मेटॅग कंपनीनं दिलेलं उत्तर फार सुंदर आहे. मोटर एका दिशेनं फिरली की ब्रेक टाकीला घट्ट धरून ठेवतो आणि आतले गिअर खांब डोलवतात. मोटर उलट फिरली की ब्रेक सुटतो आणि टाकी, खांब, गिअर सगळं मिळून गरगर फिरतं. पाणी बाहेर फेकलं जातं, कपडे टाकीला चिकटून पिळले जातात. दिशा हाच सिग्नल.

आणखी एक गोष्ट जुळून आली. जुन्या साबणाचा जड पाण्यात चिकट साका व्हायचा आणि तो कपड्यांवर बसायचा. १९४६ मध्ये टाइड ही कृत्रिम डिटर्जंट पावडर आली, तिचा तसा साका होत नाही. ऑटोमॅटिक मशीनमध्ये मधेच हात घालून साका काढता येत नाही, त्यामुळे अशी पावडर मिळणं गरजेचंच होतं.

आमच्या मशीनमधला दुमजली खांब, खालचे पंख डोलणारे आणि वरच्या आट्या एकाच दिशेनं फिरून कपडे खाली ढकलणाऱ्या, ही त्याच्याही बऱ्याच नंतरची सुधारणा. पण तिचं मूळ १९२२ च्या त्या टाकीच्या तळाशी आहे.

या पद्धतीचे तोटेही सांगायला हवेत. कपडे पाण्यात मोकळे तरंगल्याशिवाय प्रवाह तयार होत नाही, म्हणून पाणी भरपूर लागतं. चादरी खांबाला गुंडाळल्या जातात. पुढून उघडणारी मशीन कपडे उचलून खाली टाकतात, त्यांना थोडकं पाणी पुरतं. आपल्याकडच्या दुकानांत हल्ली टॉप-लोडमध्येही खांबाऐवजी तळाशी बसकी तबकडीच जास्त दिसते.

नाव कोणाचं?

ही गोष्ट इथे संपवली तर ती कंपनीच्या माहितीपत्रकासारखी होईल. मेटॅग गेल्यावर वर्षभरानंतर, १९३८ च्या उन्हाळ्यात, मंदीचं कारण देऊन कंपनीनं कामगारांची मजुरी १० टक्क्यांनी कापली. कामगारांनी संप केला, कारखान्यात ठिय्या दिला. शेवटी राज्यपालांनी सैनिक पाठवले आणि कामगारांना कापलेल्या मजुरीवरच परतावं लागलं. कारभार तेव्हा मेटॅग यांच्या मुलाकडे होता. गावाला बाग देणारं आणि गावाच्या पगाराला कात्री लावणारं आडनाव एकच होतं.

पुढे १९६७ पासून कंपनीच्या जाहिरातीत एक दुरुस्ती करणारा माणूस दिसू लागला. यंत्रं बिघडतच नाहीत म्हणून तो बिचारा एकटा कंटाळत बसलेला. मळणीच्या हंगामात शेतांवर धावणाऱ्या मेटॅग यांची ही बरोबर उलटी प्रतिमा. २००६ मध्ये कंपनी व्हर्लपूलनं विकत घेतली आणि २००७ मध्ये न्यूटनचा कारखाना बंद झाला. नाव अजून मशीनवर आहे, गावातलं काम गेलं.

आणि हॉवर्ड स्नायडर? पुली, पेट्रोल इंजिन, तळातले पंख या सगळ्यामागे असलेल्या माणसाचं नाव मशीनच्या चाहत्यांबाहेर फारसं कोणाला ठाऊक नाही. हे वाचताना मला आमच्या क्षेत्रातलीच माणसं आठवली. प्रॉडक्टवर नाव एकाचं असतं, पण रात्री बसून तो महत्त्वाचा बदल केलेला असतो दुसऱ्यानंच.

तरीही मेटॅग यांना मी नुसता मालक म्हणून बाजूला सारू शकत नाही. चांगली कल्पना कारखान्याच्या कोपऱ्यात रोज कुठे ना कुठे जन्मते आणि रोज मरते. ती मेकॅनिककडून आलीय म्हणून हलकी न मानणं, तोट्याच्या दिवसांत तिच्यासाठी ओतशाळा उभी करणं, आणि ६५ व्या वर्षी ती स्वतः डोक्यावर घेऊन दारोदार जाणं, हेही एक काम आहे. स्नायडर यांनी पाणी हलवलं. ते पाणी दहा लाख घरांत पोहोचवलं मेटॅग यांनी. माझ्या हिशेबात मशीनवर दोघांचंही नाव हवं होतं.

आमचं मशीन अजून चालू आहे. तुमच्याकडेही असं खांबाचं जुनं मशीन असेल आणि वरचा भाग फिरत नसेल, तर भंगारात देण्याआधी प्लग काढा, टोपण उघडा आणि ते चार दात तपासा. मग झाकण लावण्याआधी मिनिटभर वरून बघा: कपडे भिंतीकडून वर येतात, मध्याशी वळतात आणि खांबाजवळून खाली बुडतात. आई आता धुणं लावताना कधी कधी तशीच थांबून बघते.